माझ्या वतीने

३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, शेक घ्यायचा असतो, नुसता शेजारी ठेवायचा नसतो. बदलीच्या गावी मी एकदाची रुळले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. शाळेत मला पहिलीचा वर्ग दिलाय. सगळी एकदम बोलतात आणि सगळ्यांना एकदम तहान लागते.

आता खरी बातमी. इथल्या चर्चमध्ये पंखे दुरुस्त करायला एक उंच माणूस येतो आणि उपासनेला शेवटच्या बाकावर बसतो. दोन रविवार मी त्याला नुसती निरखत होते. तिसऱ्या रविवारी ओळख पटली. तुमच्या छापखान्यातला लंबू. त्याला बघून माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवशी पाळकसाहेब क्षमेवर बोलले. आपण स्वतः किती वेळा क्षमा मागतो आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली की कसे हात आखडतो, असं बोलले आणि मला वाटलं, हे मलाच आहे. बाहेर पडल्यावर मी सरळ त्याच्यापुढे गेले, तुझी बहीण म्हणून ओळख दिली आणि सांगितलं की आम्ही सगळ्यांनी तुम्हाला माफ केलंय, दादानेसुद्धा. तो तिथेच भिंतीला टेकून रडला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

तुलाही आनंद होईल. वहिनीला आठवण. लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
बिट्टी

११ जुलै

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती ऐकत नाही इतका बरा आहे. तुझ्या पहिलीतल्यांना वहिनी खाऊ पाठवणार आहे.

बाकीचं लिहायला चार दिवस थांबलो. रागात लिहिलं असतं तर पाठवून पस्तावलो असतो. बिट्टे, तू तेव्हा वसतिगृहावर होतीस, त्यामुळे जे ऐकलंस ते थोडक्यात ऐकलंस. कागद कापायच्या मशीनवर आम्ही दोघं असायचो. मी गठ्ठा लावायचा, हात काढून हाक द्यायची, मग त्याने दांडा ओढायचा. त्या दिवशी मी हाक दिली नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याबद्दल मी त्याला कधीच काही म्हटलं नसतं. मशीनवर माणसाचं लक्ष उडतं, माझंही उडालं असतं. पण चौकशीत त्याने सांगितलं की मी हाक दिली आणि नंतर पुन्हा हात घातला. साहेबांनी लिहून घेतलं, कामगार निष्काळजी.

आपले बाबा त्याच छापखान्यात जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवत होते. त्यांचा शब्द तिथे चालायचा. ते दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन मालकांकडे गेले आणि माझ्या निष्काळजीपणाबद्दल माफी मागून आले. मी दवाखान्यात होतो. पुढे घरी कोणी माझी विचारपूस करायला आलं की बाबा खाली बघून म्हणायचे, पोराचं लक्ष नव्हतं. मी दोनदा खरं सांगितलं. त्यांना ते पळवाट वाटलं. मरेपर्यंत ते तसंच मनात धरून राहिले.

तेव्हा बाबांनी माझ्या वतीने माफी मागितली. आता तू माझ्या वतीने दिलीस. मला दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

क्षमा करायची असते हे मला ठाऊक आहे. लहानपणी आपल्या चर्चमध्ये तू ज्या बाकावर बसायचीस, त्याच बाकावर मीही वाढलोय. पण ती मला करायची होती.

तुझ्यावर माया आहे ती आहेच, तिला काही झालेलं नाही.

तुझा,
दादा

१८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेतच उघडलं आणि वर्गाला चित्रं काढायला बसवून वाचलं. बाबा मालकांकडे गेले होते हे मला आज कळलं. आपल्या घरात कोणी काही सांगतच नाही.

मी चुकले. मला माझं मन हलकं करायचं होतं आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून मी ते केलं.

रविवारी मी लंबूला पुन्हा गाठलं. जिन्याखाली तो वायर गुंडाळत होता. त्याला सांगितलं की मी दिली ती माझ्यापुरती होती आणि ती मागे घेत नाही, पण दादाची माफी माझ्याकडे नव्हतीच, ती मी उगाच वाटून बसले. मला वाटलं, तो चिडेल. तो वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला की त्या दिवशी घरी गेल्यावर त्यालाही ते जरा सोपं वाटलं होतं. त्याने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. आधी तुला विचारते, एवढं मी आता शिकले.

तू नाही म्हणालास तर मी त्याला तसंच सांगेन, वर एक शब्द घालणार नाही. माझ्यावर रुसलास तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझी,
बिट्टी

२४ जुलै

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्ता दे. शनिवारी दुपारी मी दुकानातच असतो. तू त्याच्याबरोबर येऊ नकोस. वहिनी म्हणते, त्याला दारातूनच परत पाठवा. मी म्हटलं, बघू. झोप मात्र उडाली आहे.

तुझा,
दादा

५ ऑगस्ट

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तो येऊन गेला. तू उतावळी झाली असशील म्हणून सगळं लिहितो.

मी दुकानात एका वकिलाच्या खुर्चीची वेताची बैठक विणत होतो. तो दारात वाकून आत आला. चौकट उंच आहे, पण त्याची सवय जात नाही. केस सगळे पिकलेत. मी स्टूल पुढे केलं, तो बसला नाही. उभ्यानेच मला म्हणाला, तू हाक दिली नव्हतीस. तो शेजारच्या मशीनवाल्याशी बोलत होता आणि हात सवयीने दांड्यावर गेला. चौकशीच्या वेळी घरी बायको बाळंत व्हायची होती, नोकरी जाईल म्हणून घाबरला. मग म्हणाला की हे कारण म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतो.

इतकी वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं आणि काहीच वाटलं नाही. मी त्याला म्हटलं, हे आईपुढे सांग.

आई दुकानामागे घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला जसंच्या तसं सांगितलं. बिट्टे, आपल्या आईचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ती उठून उभी राहिली, गुडघ्यासकट. म्हणाली, माझा माणूस मान खाली घालून गेला, मुलगा खरं बोलतोय हे मला माहीत होतं आणि मी शेवटपर्यंत त्याला पटवू शकले नाही. आता कबरीवर जाऊन सांगणार आहेस का? तो म्हणाला की इथे येण्याआधी तो तिथेच जाऊन आला, मोठ्याने बोलून आला. आई म्हणाली की मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही, आणि तिने त्याला दार दाखवलं.

तो वळला. आणि मीच म्हणालो, आई, त्याला बसू दे, मी बोलावलंय. बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. पण तो असा उभा होता की मशीनखाली त्याचा हात अडकलाय आणि दांडा माझ्याकडे आहे, असं मला दिसलं.

दुकानात आल्यावर मी त्याला सांगितलं की झालं ते ठीक आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते ठीक नाही. बोटं येणार नाहीत, बाबा येणार नाहीत. पण दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मी गप्प होतो. वहिनीला वाटतं, मला तेवढ्यात खोकला येतो. त्याला म्हटलं, देवाकडे माझं काही मागायला गेलो की वाटेत तू उभा असतोस. आता मी तुला वाटेतून सोडलं. जा. माझी तुझ्यावर तक्रार नाही.

तो स्टुलावर बसला. मी विणत होतो, एक वेत सैल पडायला लागला तसं त्याने न सांगता टोक धरलं. बैठक पुरी झाली. निघताना मी हात पुढे केला. परक्या माणसाला मी नेहमी डावा देतो, लोक दचकतात म्हणून. त्याला उजवा दिला गेला. त्याला कुठे धरावं कळेना, मग त्याने दोन्ही हातांत घेतला.

रविवारी ती ओळ मी म्हटली. आवाज नीट निघाला नाही, पण म्हटली.

आईला आत्ता काही लिहू नकोस, उपदेश तर मुळीच नको. तिचं तिला करू दे. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. जेवणं झाल्यावर ताटं उचलताना एवढंच म्हणाली की त्याच्या गावची शेवटची बस सहाला सुटते, त्याला मिळाली असेल का. मी म्हटलं, मिळाली असेल. का विचारते आहेस, ते मी विचारलं नाही.

वहिनीचे आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे, आणि उत्तर लवकर लिही.

तुझा,
दादा