घुबडाचा शेजार

३ मार्च

चि. शहाण्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. माझ्या सुतारकामाच्या कारखान्याला शाळेच्या बाकांची मोठी ऑर्डर मिळाली. मागच्या अंगणात नवी शेड घालून दोन मुलींना कामावर घेणार होते, तसा शब्दही देऊन बसले. परवा नगरपालिकेचा माणूस आला नि म्हणाला, मागच्या भिंतीवर दुर्मिळ घुबडाचं घरटं आहे, नव्या धोरणाप्रमाणे आसपास बांधकाम बंद. धोरण कुणाचं विचारलं, तर तुझ्या खात्याचं, तूच लिहिलेलं. ते लाकडी घरटंही गेल्या सुट्टीत तूच टांगलंस, आणि फळ्या मी फुकट दिल्या. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे आपल्या घराण्याकडून शिकावं. सवलत तुझ्याच सहीने मिळते म्हणे. तेवढी दे. राग आहे, पण लोभाच्या खालोखाल.

ताई

९ मार्च

ती. स्व. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि दार लावून घेतलं. धोरणातलं 'विकास आणि निसर्ग हातात हात घालून चालतील' हे वाक्य माझंच. त्याला टाळ्या पडल्या होत्या, मी त्या मान लववून घेतल्याही. आता ते दोघं माझ्या बहिणीच्या अंगणात एकमेकांच्या झिंज्या उपटताहेत. सहीसाठी पेन उघडलं होतं. पण बाहेर सिमेंटवाले, रस्तेवाले बसलेत. पहिली सवलत बहिणीला दिली, तर त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू? सही केली नाही. तत्त्वाचा माणूस म्हणून स्वतःची पाठ थोपटायला गेलो, तर हात पोचेना. मला फार वाईट वाटतंय, ताई. जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझा शहाणा

२० मार्च

चि. शहाण्यास आशीर्वाद, वि. वि.

दोन दिवस तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, शेड शेजारणीची असती तर मीच घुबडाच्या बाजूने गल्लीभर सह्या गोळा केल्या असत्या. आपण एकाच माळेचे मणी. अर्धी ऑर्डर सोडली. पिल्लं झालीत, थेट तुझ्यावर गेलीत: डोळे मोठे, उपयोग शून्य. त्यांच्यावर राग धरवत नाही.

पण त्या दोघी मुली रोज येऊन विचारतात, काम कधी सुरू? मी म्हणते, पुढच्या आठवड्यात. खरं सांगायला जीभ रेटत नाही. तू सुट्टीत ये. घुबडं नंतर बघ, आधी त्या दोघींना समोर बसवून 'नाही' म्हण. लोभ आहेच, तो घ्यायलाही यावंच लागेल.

ताई