चकत्यांच्या खोक्यातलं शेवटचं पान

कान्दा पेठ, तोक्यो
११ जुलै

प्रिय त्सुनेआत्यास,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढणं बंद केलंत का? (केलं नसणार.) इकडे उकाडा फार, पण मी बरी आहे. तुमची उन्हाळी भेट परवा पोचली. तांदळाच्या चकत्या अगदी खुसखुशीत होत्या, आभारी आहे.

आमच्या मासिकाला तीस वर्षं होताहेत, आणि मुख्य संपादकांनी मला लेखकांच्या आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. (मला नोकरीत जेमतेम तिसरं वर्ष. पण जुनी मंडळी म्हणाली, आम्हाला जे आठवतं ते छापता येणार नाही.) चार वेळा सुरुवात केली. दर वेळी कुझे गुरुजींपाशी आले की कागद चुरगाळते. का, ते तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कथेची मुदत टळली, म्हणून मासिकाने त्यांना कथा पुरी होईपर्यंत हाकोनेच्या एका विश्रामगृहात कोंडलं होतं आणि शेजारच्या खोलीत पहाऱ्याला मी. गुरुजी सरकत्या दाराच्या फटीतून एकेक पान बाहेर ढकलत आणि थोड्या वेळाने आतून विचारत, "रडू आलं का?" मी खरं ते सांगे, "अजून नाही, गुरुजी." की मग तासभर पुढचं पान येत नसे. (हे लेखात घालणार नाही.) सत्ताविसाव्या पानावर कथेतली बाई चहाचं आधण ठेवते आणि फाटकाची चाहूल घेते. पूर्णविराम. गुरुजी बाहेर आले, चकत्यांचा एक खोका माझ्या हातात ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "घरी जाऊन उघड." वाटेत त्याच्या वेष्टनाचा कोपरा फाटला, तो मी जुन्या प्रूफाची पट्टी डकवून सांधला. अक्षरं आणि रीत दोन्ही तुम्हीच मला घरी बसवून शिकवलीत, आणि मोठ्यांकडून आलेलं आपण ठेवून घेऊ नये, पुढे द्यावं हेही. म्हणून खोका न उघडताच तुम्हाला पाठवला. (उघड म्हणाले ते शिष्टाचार म्हणून, असं मी धरून चालले.)

कथा गाजली. अर्ध्यावर सोडलेल्या त्या शेवटावर समीक्षकांनी रकानेच्या रकाने लिहिले. मग गुरुजींनी मला बोलावलं. "माझं पान गाळायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. आणि तू, काल आलेली पोर." मला काहीच कळेना, म्हणून मी वाकले. त्यांनी ती कबुली धरली. तेव्हापासून ते लिखाण फक्त माझ्याच हातात देतात, आणि बाकीचे लेखक मला पाहिलं की पानांवर हात ठेवतात.

कुठलं पान, ते गेल्या आठवड्यात कळलं. गुरुजींचं काम माझ्याआधी बघणारे, आता निवृत्त झालेले नागुमोसाहेब कचेरीत चहाला आले होते. म्हणाले, "अगं, शेवटचं पान समोर बसून कुणी वाचलेलं त्यांना सोसत नाही. ते नेहमी खाऊच्या खोक्यात घालून देतात. तुला सांगायचं राहिलंच वाटतं." आणि पोट धरून हसले. माझा चहा सगळा टेबलावर.

आता तीच कथा गुरुजींच्या संग्रहात जाते आहे. गुरुवारी ते येणार. गाळलेलं पान काढून ठेव म्हणालेत, परत घालायचं की नाही ते तूच ठरव. खरं सांगावं तर त्यांचा विश्वास जाईल, आणि न सांगावं तर तो विश्वास मुळात माझा नाहीच. (नोकरीही जाईल, पण ते नंतर.)

तुमची भाची,
शिझुए

ता. क. तो खोका तुम्ही पुढे कुणाला दिलात? 'चकत्या अगदी खुसखुशीत होत्या' असं तुमचं पत्र आलं होतं, पण आत पान निघाल्याचं त्यात नव्हतं. मी रागावलेली नाही. फक्त नाव कळवा. तारेने.

ता. क. २. वर मी खोटं लिहिलं. तुमची भेट मी उघडलेलीच नाही, मुख्य संपादकांच्या घरी द्यायला कपाटावर ठेवली होती. आत्ता पाकिटावर पत्ता घालताना तिकडे नजर गेली. वेष्टनाच्या कोपऱ्याला प्रूफाची पट्टी आहे. तार करू नका.

ता. क. ३. चकत्या मऊ पडल्या आहेत. पान वाचलं. फाटकातून नवरा येतो, दोघं रडतात, मग मांजरही रडतं. मला रडू आलं नाही. पुन्हा वाचलं, तरी नाही. आत्या, हे पान गाळायलाच हवं. गुरुवारी गुरुजींना आधी खोक्याची हकीकत सांगेन आणि मग हे. ते बहुधा मला हाकलतील. पण या वेळी पान मी वाचून गाळलेलं असेल.