नीलाचे कोरे पान

मी, गोविंदा मारोती निनावे, वय एकाहत्तर, राहणार तांडापेठ, नागपूर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही धाकाखाली नाही. या घरात धाक फक्त मीच घातला. वाक्ये वकील साहेबांनी बसवून दिली, अक्षर माझे आहे. अंकुश, दचकू नकोस. तुझ्या बापाला दोन वर्षांपासून वाचता येते. तुझी वेदिका गृहपाठ करायची, तेव्हा शेजारी बसून शिकलो.

१. मी जन्मभर इतवारीत भांड्यांची हातगाडी ओढली. संध्याकाळी घरी आलो की दोन्ही लेकरांच्या वह्या तपासायचो. वाचता येत नव्हते, म्हणून पान भरले आहे का तेवढे पाहून लाल टिक करायचो. भरलेल्या पानाला खायला बेसनाची पाटोडी, कोऱ्या पानाला गाडीची दोरी. नीला म्हणायची, "बाबा, आज मास्तरनं अभ्यासच देल्ला नाही." मला ते खोटे वाटे. रोज शाळा तर रोज अभ्यास, एवढीच माझी अक्कल. सातवीत तिने दप्तर चुलीत घातले.

२. अंकुशच्या वह्या मी कौतुकाने पेटीत जपल्या होत्या. गेल्या दिवाळीत त्या वाचल्या. पाचवीच्या वहीत लिहिले आहे: "आज अभ्यास नाही. नीलीनं खरं सांगतलं तं मार खाल्ला. मी लेहून राहिलो. बैलाले वाचता येत नाही. बैल आता टिक करते." खाली माझी टिक आहे. अशी पाने पुष्कळ आहेत. ती सर्व पेटीसह अंकुशला द्यावीत.

तो आता मौद्याला साहेब आहे आणि वेदिकाचा कान पिरगाळून अभ्यास करवतो. सूनबाई सरिता अडवते, तर तिला म्हणतो, "मार खाल्ल्याशिवाय मी तरी शिकलो असतो काय वं?" तुला मार बसलाच कधी, लबाडा?

३. घर नीलाच्या नावे. अंकुशला मागच्या खोलीत राहायचे असेल, तर त्याने रोज कामावरून आल्यावर उंबऱ्यावर बसून एक पान लिहावे, मगच जेवावे. पान नीला तपासेल. तिला वाचता येते, हे विसरू नये. वेदिकाला मात्र कोणी बळजबरीने अभ्यासाला बसवू नये.

४. दोरी खुंटीवर आहे. तीही नीलाची. परवा तिला विचारले, "घर घेशील ना वं?" ती म्हणाली, "घर ठेवा तुमचं. मी खोटी होती काय, तेवढं सांगा."

मी कूस बदलली. तोंडाने सांगायला जीभ रेटली नाही, ती आता रेटणारही नाही. येथे लिहितो: नव्हतीस.

हा लिफाफा मी मेल्यावरच उघडावा. तोवर तिने वाट पाहावी.

सही: गोविंदा मारोती निनावे (अंगठा नाही)

समक्ष साक्षीदार:
बापूजी हेडाऊ, शेजारी
प्रशिक मेश्राम, शिक्षक

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५