गप बसनारं कॅबिनेट

नाही बाबा, मले काई कमी ऐकू येत नाही. चांगलं येते. दुकानात मी त्या कॅबिनेटवर हात ठेवून उभी होती ते पत्रा किती जाड आहे ते पाहाले, दुसरं काईच नाही. कोनी विचारलं नाही. तुमी तं विचारूच शकत नाही, तुमाले जाऊन तीस वर्षं झाले. पन सकाळपासून माह्या डोक्यात हाच जबाब फिरून राहिला, म्हनून म्हटलं लिहून टाकावं अन् मोकळं व्हावं. कॅबिनेट म्हनजे कॉम्प्युटरचा डबा. टीव्हीसारखं जे समोर दिसते ते नुसतं तोंड असते. खरा माल टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. त्या मालाले गरमी होते, म्हनून डब्याले पंखे लावतात. तुमी असते तं एवढं ऐकूनच म्हनले असते, मंग हे कूलरच झालं ना, पानी नसलेलं! मी बी तेच म्हनलं. अकोल्यात तुमी सारी जिंदगी कूलरच्या पेट्या केल्या, सातवीनंतर माही शाळा सुटली तं मी बी चार उन्हाळे तुमच्यासोबत पत्रे वाकवले, मंग मले या डब्यातलं कळनार नाही तं कोनाले कळंन?

डबा आहे माह्या सुनेचा. पोट्टी डोक्याची आहे. विकतचा तयार कॉम्प्युटर महाग पडते म्हनून तिनं एकेक सामान आनून घरीच जोडला, इथं अमरावतीत, माह्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ, कारन लाइटचं बटन तिथंच आहे. मी तिकडून भाकरी थापते, ती इकडून टाइप करते. काम असं आहे का आजकाल आपल्याकडे भायेरून संस्थावाल्यांच्या जीपा येतात. तिवसा, नांदगाव खंडेश्वर, तिकडच्या खेड्यापाड्यात जातात अन् बायांजवळ आवाज भरायचं मशीन ठेवून विचारतात, वावरात काय झालं, घरात काय झालं, आता कसं चाललं. ते बोलनं मंग सीडीवर सुनेकडे येते. ते ऐकायचं अन् जसंच्या तसं टाइप करून पाठवायचं. लोकं विचारतात, याले काय मेहनत लागते? लागते. बाया तोंडाले पदर लावून बोलतात. मशीन पाहून तं अजूनच हळू बोलतात. अन् सुनेचा डबा असा का गिरनी सुरू आहे! कानाले लावायचं ते लावते ती, पन ते बी स्वस्तातलं, घरघर आत घुसतेच.

एक दिवस मले म्हने, "आई, ही बाई एकच गोठ तीनदा बोलली. तीनही वेळा या डब्यानं खाल्ली." मी म्हनलं, जाऊ दे, अंदाजानं लिही. असं पाहिलं तिनं माह्याकडे, का मी पीठ मळाले लागली. तिनं अंदाजानं नाही लिहिलं. जिथं ऐकू आलं नाही तिथं तसंच लिहिलं, 'ऐकू येत नाही'. पानंच्या पानं, दर दोन ओळीले 'ऐकू येत नाही'. ते परत आलं. सोबत निरोप, अजून एकदा असं आलं तं काम दुसऱ्याले देऊ. ती रडली नाही. पन दोन दिवस तिनं जेवन मोजून केलं, अन् मले ते दिसलं.

आता माही अक्कल ऐका. ती बाजारात गेली होती. मी पेटीतली जाड गोधडी काढली अन् डब्याभोवती गुंडाळली, चारही बाजूनं, वरून सुतळी बांधली. लहान लेकराले थंडीत गुंडाळतात तशी. मनात म्हनलं, बोल आता! ती आली, कामाले बसली, अन् अर्ध्या घंट्यात डबा गरम होऊन बंद पडला. सकाळपासूनचं टाइप केलेलं गेलं. तिनं गोधडीत हात घातला तं चटका. मले वाटलं आता बोलंन. ती म्हने, "आई, यानं श्वास कुठून घ्यायचा हो?"

बस, तिथंच मी अकोल्यात पोचली. त्या वकिलाच्या घरी. मी चौदा वर्षांची, तुमी नवा कूलर बसवून राहिले, वैशाखाचं ऊन, झळा आत येतात म्हनून मी समोरची खिडकी लावून टाकली, वरून कडी घातली. कूलर सुरू झाला तं घर गार व्हायचं सोडून सारं चिकट. वकिलीनबाई पदरानं मान पुसून राहिली, तुमी कूलर उघडून पाहून राहिले, पानी पाहिलं, वाळ्याच्या ताट्या पाहिल्या, पंखा पाहिला. मंग तुमची नजर खिडकीवर गेली. साऱ्यांसमोर ओरडले तुमी माह्यावर, "आत घेतलेली हवा भायेर कोन काढंन? तुहा बाप?" अन् मंग तुमच्या ध्यानात आलं का बाप तुमीच. वकिलीनबाई एवढी हसली का खाली बसली. तुमी खिडकी उघडली, अन् रस्त्यानं परत येताना मले उसाचा रस पाजला. ते बोलनं मी चाळीस वर्षं लोकांले ऐकवलं, माह्या घरच्या प्रत्येक कूलरसमोर खिडकी उघडी ठेवाले लावली, अन् अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतः डब्याले गोधडी बांधली.

मंग मीच म्हनलं, चाल, दुसरा डबा पाहू. दुकानदार चांगला होता, जवान, दाढीवाला, बोलाले गोड. त्यानं पयले जे काढले ते डबे पाहाले पायजे होते तुमी. समोरून निळे दिवे, लाल दिवे, बाजूले काचेसारखं, लग्नाच्या बँडपार्टीची गाडी जशी. मी बाजूले बोटानं दाबलं तं पत्रा आत गेला अन् टप करून भायेर आला. तुपाच्या डब्याचा पत्रा बरा! दुकानदारानं पंखा लावून दाखवला. म्हने, "मौसी, सुनो, एकदम सायलेंट." मी पत्र्यावर तळहात ठेवला. सारा पत्रा थरथरून राहिला होता, ताप आलेल्या मानसासारखा. म्हनलं, हा नाही. दुसरा. तो बी नाही. तो हसाले लागला, "अरे मौसी, कान से सुनते, हाथ से नहीं!" मी म्हनलं, "तू तुहं दुकान पाय, माहे कान माह्याजवळ राहू दे. पंखा कधीच आवाज करत नाही, पत्रा करते. माहा बाप कूलर करे अकोल्यात." त्याचा चेहराच बदलला. म्हने, "अकोले का पुराना कूलर हमारे घर में अभी तक चलता है." मी म्हनलं, तं मंग मले तसा डबा दाखव, हे लायटिंग नको.

त्यानं शिडी लावली अन् माळ्यावरून धूळ भरलेला एक डबा खाली उतरवला. पिवळट पांढरा, सरकारी कपाटासारखा, कोनी घेत नव्हतं म्हनून पडलेला. उचलला तं जड. बोटानं दाबला तं हलला नाही. मांगच्या बाजूले मोठ्या पंख्याची जागा. सून म्हने, आई, मोठा पंखा म्हनजे मोठा आवाज नाही का? म्हनलं, उलटं आहे बाई. लहान पंख्याले तेवढीच हवा फेकाले जोरात पळा लागते. मोठं पातं हळू फिरलं तरी भागते. दुकानदार म्हने, बराबर बोलते मौसी. किंमत त्यानं एवढी कमी सांगतली का मी घासाघीस करूच शकली नाही, अन् त्याचंच मले वाईट वाटलं.

घरी आनला. पन मांगं पंख्यासमोर पत्र्यालेच बारीक बारीक भोकं पाडलेले होते, जाळीसारखे. त्यातून हवा शिट्टी मारत जाते, हे मले दुकानातच कळलं होतं. मी ट्रंकेतून तुमची कातर काढली. लग्नात तुमी मले दिली होती ती, पत्रा कापाची. आठवते? आई किती चिडली होती, पोरीले सासरी कोनी कातर देते का म्हने, लोकं काय म्हनतीन. तुमी म्हनले, साडी फाटंन, हे नाही फाटत. नाहीच फाटली. सुनेचा जीव वर खाली, नवा डबा अन् मी कातर घेऊन बसली. सारी जाळी गोल कापून काढली, कड घासली, अन् पाहुन्याच्या लेकराचं बोट जाऊ नये म्हनून वर मोकळी तार लावली. मंग सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले, पंख्याच्या चारही स्क्रूखाली एकेक ठेवला. सून स्क्रू आवळाले बसली तं अशी आवळून राहिली का जसं बैल बांधून राहिली. मी तिचा हात धरला. तुमी माहा धरला होता तसाच. "बसला का सोड. दाबून टाकलं तं रबर कशाले ठेवलं?" तोंडातून माह्या तुमचाच आवाज निंघाला, बाबा, अन् मी जरा घाबरलीच.

बटन दाबलं. सून डब्याकडे पाहत राहिली. मंग वाकून मांगं हात धरून पाहिला, हवा येते का म्हनून. म्हने, "आई, हे सुरू आहे!" मी बाजूच्या पत्र्यावर हात ठेवला. काईच नाही. झोपलेली म्हैस जशी, आत जीव आहे एवढंच लागते. तिनं ती परत आलेली सीडी लावली, कानाले ते लावलं, अन् पयल्यापासून टाइप कराले बसली. मी भाकरी टाकल्या. मधातच ती थांबली. मंग उठून माह्यासमोर येऊन उभी राहिली, आजकाल ती माह्यासमोर येऊनच बोलते, चांगली रीत आहे. म्हने, "ती बाई तीनदा काय बोलली माहीत आहे? म्हने, 'बाई, हे मले आजवर कोनी विचारलंच नाही.' तीनदा." अन् परत जाऊन बसली. सारं पूर्न केलं तिनं. एका जागी बी 'ऐकू येत नाही' नाही. काम टिकलं, वरून अजून आलं. आता पाहुने आले का सांगते, आमचं कॅबिनेट आईनं निवडलं, बोलतच नाही.

आता जे सांगाचं होतं ते. तो पयला डबा घरघर करते, घरघर करते, सून सांगून राहिली होती, अन् मी मान हलवून राहिली होती. मले ती घरघर कधी ऐकूच आली नाही. तेव्हाबी नाही, गोधडी बांधताना नाही. तिचं तोंड पाहून मी समजून घेतलं का लयच आवाज असंन. अन् या डब्याचा आवाज गेला हे बी मले हातानंच कळलं. तुमी तुमच्या कूलरच्या दुकानात डोळे मिटून प्रत्येक पेटीवर तळहात ठेवायचे, मले वाटायचं हा मोठ्या कारागिराचा थाट आहे. मी मांगून हळूच म्हनायची, 'हो, चाटा आता पत्र्याले.' तुमी वळून विचारायचे, काय म्हनली? मी म्हनायची, काई नाही. किती वेळा म्हनलं असंन. तुमच्या कानात सारी जिंदगी हातोडा पडला, बाबा. तुमाले ऐकूच येत नव्हतं. घरात कोनाले सांगतलं नाही तुमी, अन् आमी बी विचारलं नाही.

सुनेले मी सांगनार नाही. हा कागद त्याच कातरीसोबत ट्रंकेत जाईन. अन् याच्यापुढे मले काई विचारू नका, मी एक शब्द बोलनार नाही.