गाळणीतून गेलेला बटाटा

रुसलेल्या बाईसाहेब,

"खाटकाशी लग्न केलं म्हणून रोज कलेजी नि गुर्देच खायचे का?" असं म्हणून तू बहिणीकडे निघून गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. माझी कानउघाडणी करायला तू तुझ्या आईंना पाठवलंस. त्या आल्या तेव्हा मी कलेजी परतत होतो आणि सोबतीला उकडलेला बटाटा लोणी-सायीत घोटून तुझ्या चहाच्या गाळणीतून काढत होतो. मोठ्या हॉटेलात देतात ना, तसा अगदी मऊसूत. गाळणीचं नंतर बोलू. आईंनी नाक मुरडत एक घास घेतला आणि रागवायचंच विसरल्या. तेव्हापासून रोज दुपारी रागवायला येतात आणि दोनदा वाढून घेतात.

तुला लिहिलेली तिन्ही माफीपत्रं मी त्यांच्याच हाती दिली होती. उत्तर येईना, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. आज त्यांच्या पिशवीत डबा ठेवायला गेलो, तर तिन्ही पाकिटं तळाशी, न फोडलेली!

विचारलं तर म्हणाल्या, "जावईबापू, ती परत आली की हे सगळं बंद होईल हो!"

म्हणून हे चौथं पत्र कुणाच्याच हाती देत नाही. मीच ते घेऊन येतो, तुला न्यायला. चहा मात्र तिथेच पिऊन निघू.

तुझाच,
गाळणी अजून घासत बसलेला नवरा