आपल्या घरची तीन मते

अण्णा,

नगरपालिकेची ती निवडणूक तुम्ही पाच मतांनी हरलात, त्याला आता बत्तीस वर्षे झाली. आकडा मला पक्का आठवतो, कारण मतमोजणीच्या कागदावर तुमच्या वतीने सही मीच केली होती. इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो त्याचे कारण आई. गेल्या रविवारी आमच्या डोंबिवलीच्या घरात मटार सोलता सोलता ती एक गोष्ट सहज बोलून गेली, आणि तेव्हापासून मी ऑफिसात भर कामात हसू लागलो आहे. ती गोष्ट सांगतो, पण क्रमाने सांगतो. क्रम सोडून बोललेले तुम्हांला कधी चालत नसे.

तेव्हा आपण कल्याणात राहत होतो. तुम्ही शाळेत गणित शिकवत होता आणि आपल्या भागातून दोनदा नगरपालिकेवर निवडून आला होता. आपल्या आळीत नळ नव्हता. होळी झाली की विहीर तळ दाखवू लागे, आणि मग बायका हंडे-कळश्या घेऊन तळ्यापलीकडच्या नळावर जात. एका खेपेला पाऊण तास लागे. त्या वर्षी आपल्या भागाला एक नवा नळ मंजूर झाला आणि घरांच्या संख्येप्रमाणे पाळी आपल्याच आळीची होती. तुम्ही सभेत उभे राहून तो शाळेमागच्या आळीला देववलात. "सभासदाच्या दारात पहिला नळ येत नसतो," असे तुम्ही जेवताना आम्हांला सांगितलेत. आई आमटी वाढत होती. ती म्हणाली, "बरोबरच आहे. सभासदाला कुठे पाणी भरायचं असतं?" तुम्ही आणखी आमटी मागितलीत. तुम्ही ते ऐकले नव्हते की ऐकून सोडून दिले होते, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी निवडणूक आली. प्रत्येक प्रौढ माणसाला मत देणारी आपल्या गावातली ती पहिलीच, त्यामुळे आळीतल्या साऱ्या बायका प्रथमच मत देणार होत्या. तुमच्याविरुद्ध स्टेशनावरचे टांगेवाले काका उभे राहिले, तेही कोणाशी तरी लावलेल्या पैजेपायी. चिठ्ठीवर तेव्हा खूण करायची नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची असे. तुमच्या पेटीवर कंदील होता, काकांच्या पेटीवर बैलगाडी. चिन्ह मिळाले त्या दिवशी ते तडक आपल्या ओट्यावर आले.

"मास्तर, जल्मभर घोडा हाकला आन मला दिली बैलगाडी! आता घोड्याला काय तोंड दाखवू?"

"मग माघार घ्या," तुम्ही म्हणालात.

"कशी घेऊ? मस्करीत उभा रायलो खरा, पन बायको पेढे वाटून बसली."

तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि त्यांच्या प्रचारपत्रकाचा मसुदाही नीट करून दिलात. माझ्या मते तो तुमच्या पत्रकापेक्षा चांगला झाला होता.

मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि जगातील प्रत्येक गोष्ट रकान्यांत बसवता येते अशी माझी खात्री होती. घरोघर फिरून मी मतदारांची यादी केली. नावापुढे लाल शाईची खूण म्हणजे मत निश्चित तुमचे. यादीप्रमाणे तुम्ही एकाहत्तर मतांनी निवडून येत होता. तुम्ही ती चष्मा लावून पाहिलीत आणि "बेरीज बरोबर आहे," एवढेच म्हणालात. तुमच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी होती, आणि ती डोक्यात घेऊनच मी आईच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी पन्ह्याची घागर उचलून माजघरात गेलो. चैत्रगौरीपुढे आळीतल्या तीस-चाळीस बायका दाटीवाटीने बसल्या आहेत, हातात आंब्याच्या डाळीचे द्रोण आहेत, आणि समोरच्या घरातल्या काकू मला अडवतात.

"काय रे, अण्णा येणार ना निवडून? खरं सांग हो."

"एकाहत्तर मतांनी," मी सांगतो. "चिंताच करू नका."

"एकाहत्तर! मग माझं एक मत चुकून तिकडे पडलं तर सत्तर राहतील."

"एकोणसत्तर," मी चूक दुरुस्त करतो. "एक मत इकडचे तिकडे गेले की फरक दोनाने कमी होतो."

"ऐका! बी.कॉम. झालाय बरं आमचा मुलगा!" काकू म्हणाल्या आणि सारे माजघर हसले. हसणे थांबल्यावर प्रत्येक बाई आपापल्या द्रोणात पाहत होती. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला नाही. रकाने आखणाऱ्याला तो कळायला हवा होता.

पेट्या उघडल्या तेव्हा माझी बेरीज बरोबर होती, माणसे मात्र चुकली होती. अडतीस जणांनी, एकमेकांना न सांगता, तुम्हांला थोडा धडा शिकवला होता. तुम्ही पडावे असे त्यांतल्या एकालाही वाटत नव्हते. तुम्ही हात धुऊन उठावे तसे खुर्चीवरून उठलात आणि काकांचे अभिनंदन करायला गेलात. ते रडकुंडीला आले होते. "मास्तर, तुमी टांग्यात बसल्याबिगर घोडा हलनार नाय," असे म्हणून त्यांनी तुम्हांला पुढे बसवले, आणि गावाने विजयाची मिरवणूक पाहिली तीत गुलालाने माखलेले तुम्ही आणि तुमच्या मांडीवर काकांचे हार! घरी मी स्वयंपाकघरात शिरलो तर आई आणि काकू चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

"मी एकटीनंच दिलं हो तिकडे," आई म्हणत होती. "पायांना वात आलाय, तो राग."

"अगं, एकटी मीच दिलं असं मी समजत होते!"

मग दोघींनाही हसू आवरेना.

पुढचा नळ सहा महिन्यांनी मंजूर झाला. काकू आईला घेऊन टांगेवाल्या काकांकडे गेल्या, आणि मी सोबतीला गेलो. काका ओशाळून म्हणाले, "वयनी, तुमची आळी मास्तरांची. तितून मला एक मत पडलं नसंल, येवडं काय मला कळत नाय? ज्यांनी दिली त्यांचं आदी बगायला नको?" काकूंनी बोलायला तोंड उघडले, शेजारी उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंकडे, म्हणजे आईकडे, पाहिले आणि मिटून घेतले. नळ टांग्यांच्या अड्ड्यावर गेला. ज्या मतांनी काका निवडून आले, त्यांचे आभार मानायला त्यांना कोणी सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धोतराचा काचा मारलात, मोठा हंडा खांद्यावर घेतलात आणि आईला म्हणालात, "चला. आता मतांसाठी पाणी भरतो असं कोणी म्हणणार नाही." दहा वर्षे हंडा उचलायला तुम्हांला हीच एक अडचण होती! पुढची सहा वर्षे तुम्ही रोज गेलात. पुढे तुम्ही, दोन पावले मागे कळशी घेतलेली आई, आणि तळ्याच्या वळणापर्यंत गेले की ती दोन पावलेही उरत नसत. मी ओट्यावर दात घासत उभा असे. तुम्ही काहीतरी सांगत आहात, आई मान मागे टाकून हसते आहे, आणि येताना हंडा निम्मा सांडलेला आहे. घरात मी तुम्हां दोघांना इतके बोलताना कधी पाहिले नव्हते. आळीत नळ आला तो तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी. आईला तो कधी विशेष आवडला नाही.

आता रविवारची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे आईला चिडवले, "पाच मतांनी पडले अण्णा, आणि घरात फितूर तू!" ती म्हणाली, "मी एकटी नव्हे रे. तळ्याच्या वळणावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं, तर ते इतके हसले की हंडाच खाली ठेवला. म्हणाले, मीही बैलगाडीतच टाकलं. स्वतःला मत द्यायला लाज वाटली. शिवाय बिचाऱ्याची पेटी अगदीच रिकामी निघाली तर वाईट दिसलं असतं."

अण्णा, मी तुमचाच मुलगा आहे. रात्री हिशेब केलाच. आपल्या घरची तिन्ही मते कंदिलात पडली असती तर फरक सहाने बदलला असता आणि तुम्ही एका मताने निवडून आला असता. तुम्ही आईला सांगितलेत, आईने तुम्हांला सांगितले; सांगायचा उरलो मी. पडद्याआड उभा असताना माझ्या डोळ्यांपुढे आईची भेगाळलेली टाच आली होती, आणि खिशात एकाहत्तरचा भरवसा होता. बत्तीस वर्षे मी तिला फितूर म्हणत आलो आणि परवाही गप्पच राहिलो. ती यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात आपल्या घरापुढे लाल शाईच्या तीन खुणा आहेत, आणि तिन्ही चुकलेल्या आहेत.