टर्कीआधी पाच किलोमीटर

२ नोव्हेंबर
अमेरिकेत, मिनेसोटातलं आमचं गाव मैल सोडून किलोमीटर घ्यायला तयार नाही. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून घसा कोरडा केला, उपयोग शून्य. आता खेळातून. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सकाळी, टर्कीच्या जेवणाआधी, पाच किलोमीटरची दौड! पाय शिकले की डोकं शिकतंच.
नगराध्यक्ष ग्रेचनबाईंचा शब्द आहे: दौड लोकांना आवडली, तर तळ्याकाठच्या वाटेवर किलोमीटरच्या पाट्या लावायचा विषय सभेत घेऊ. जिवंतपणी त्या पाट्या बघायच्यात. बाकी काही नको.

७ नोव्हेंबर
डुएन न्हाव्याने विचारलं, पाच किलोमीटर म्हणजे मैल किती? सांगितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न. तो म्हणाला, अरे ऑर्विल, कशाला भाव खातोस! चिडलाय. म्हणजे विचार करतोय.

१५ नोव्हेंबर, पहाटे
आजपासून सराव. बाहेर बर्फ. उद्यापासून. तसंही आयोजकाने दमायचं नसतं.
बायको मात्र पळणार. गुडघा दुखत असूनही. पाचच ना, मग तुझ्यासाठी पळते, म्हणाली मार्लीस. फार बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर
मार्ग आखला. थंडीत चालत कोण मोजणार? पिकअप काढली, हीटर लावला, मीटरवर बरोब्बर पाच भरले तिथे शेवटची रेघ मारली. मार्लीस म्हणाली, एकदा तपासून घे. मला सांगते! मापं शिकवण्यात हयात गेली माझी.

२३ नोव्हेंबर, दुपारी
दौड झाली. गर्दी उत्तम. पण रेघ येईचना म्हणून लोक ओरडायला लागले. शेवटी डुएन धापा टाकत आला, माझ्या पिकअपमध्ये डोकावला आणि मीटरवरच्या आकड्यापुढचा शब्द मोठ्याने वाचला. मैल.
पाच मैल. म्हणजे आठ किलोमीटर.
घराघरांत ओव्हनमधल्या टर्की करपल्या. किलोमीटर मैलापेक्षा मोठा असतो, असा गावाचा ठाम समज झालाय. तरी चर्चा तर सुरू झाली!
मार्लीस सगळ्यात शेवटी आली, लंगडत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर
गावसभा. पाट्या मंजूर. मैलांच्या. माझा एकट्याचा हात खाली.
मार्लीसनेही गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सावरत हात वर केला. तूसुद्धा, म्हटलं.
म्हणाली, मैल निदान सांगितला तेवढाच निघतो.